अपलोडचं बटण दाबायच्या आधी : संग्रहालयं, अर्काइव्ह आणि विद्यापीठांना एक खुलं पत्र

प्रति,
जगभरातली संग्रहालयं, अर्काइव्ह, विद्यापीठं, आणि आदिवासी-मूळनिवासी समाजांची गाणी, गोष्टी, फोटो, औषधांची माहिती, नकाशे ज्यांच्या कपाटात आणि आता ज्यांच्या सर्व्हरवर आहेत असे सगळे,

नमस्कार.

सध्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे एकच काम जोरात चालू आहे, स्कॅन करा, डिजिटाइझ करा, वेबसाइटवर चढवा आणि मग एक प्रेस नोट काढा की अमुक समाजाचा वारसा आम्ही जतन केला आणि सगळ्यांसाठी खुला केला. मी डिजिटल कलेक्शनचे डेटाबेस बनवायचं काम करते, त्यामुळे यात किती मेहनत असते ते मला माहितीये, बुरशी लागलेली टेप साफ करण्यापासून ते एकेका फाइलला नाव देईपर्यंत. म्हणून आधीच सांगून टाकते की हे पत्र डिजिटायझेशनच्या विरोधात नाहीये. माझं भांडण त्या प्रेस नोटमधल्या "आणि" शी आहे. जतन करणं वेगळं, खुलं करणं वेगळं. पहिलं तुम्ही करा, लवकर करा, दुसरं करायचं की नाही हे ज्यांचं ज्ञान आहे ते ठरवतील, आणि हा फरक तुमच्या भाषणात नाही तर तुमच्या डेटाबेसच्या रचनेत आणि बजेटमध्ये दिसला पाहिजे.

घाई आहे हे मान्यच. मॅग्नेटिक टेप कायमची टिकत नाही, आणि टेप मरायच्या आधी ती वाजवणारं मशीन आणि ते मशीन दुरुस्त करणारी माणसं संपतात. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्हने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत जी टेप डिजिटाइझ होणार नाही ती बहुतेक गेलीच समजा. आणि २ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोचं नॅशनल म्युझियम जळालं तेव्हा त्यात अशा आदिवासी भाषांची रेकॉर्डिंगं गेली ज्या बोलणारं आता कोणीच उरलेलं नाही. त्यामुळे कॉपी काढायला कोणी थांबा म्हणत नाहीये. ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांनी मिळून २००३ मध्ये पॅराडिसेक नावाचं अर्काइव्ह सुरू केलं, संशोधकांच्या खोक्यांत पडून राहिलेल्या टेप उचलून डिजिटाइझ करायला घेतल्या, आज तिथे हजाराहून जास्त भाषांचे आवाज आहेत. असं काम व्हायलाच हवं, वाद नाही.

पण कॉपी काढून झाल्यावर पुढे काय? इथेच सगळं घोडं अडतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेन राज्यात गेले आणि तिथल्या पासामाक्वाडी लोकांची गाणी, गोष्टी, शब्द मेणाच्या नळ्यांवर रेकॉर्ड केले. लोकांमध्ये जाऊन केलेल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमधलं हे जगातलं अगदी पहिल्या पहिल्यापैकी काम. मग त्या नळ्या हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये गेल्या, तिथून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. १९७९ मध्ये तिथे फेडरल सिलिंडर प्रोजेक्ट सुरू झाला, जुन्या नळ्या टेपवर उतरवल्या गेल्या, १९८० च्या दशकात कॉप्या त्या त्या समाजांकडे पाठवल्या गेल्या. चांगलंच केलं, पण त्या टेपवर खरखर जास्त आणि गाणं कमी, आणि लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये मात्र जुनीच माहिती, रेकॉर्ड करणारा कोण ते ठळक आणि गाणाऱ्याचा समाज म्हणजे फक्त विषय. नंतर नव्या तंत्राने आवाज बराच साफ झाला, पासामाक्वाडी लोक स्वतः बसले, ऐकलं, कोण काय म्हणतंय ते ओळखलं, शीर्षकं आणि माहिती स्वतःच्या भाषेत लिहिली, काय सगळ्यांना ऐकवायचं आणि कुठल्या अटीवर ते ठरवलं, आणि २०१८ मध्ये त्यातली रेकॉर्डिंगं लायब्ररीच्या साइटवर आली ती त्यांच्या लेबलांसकट.

म्हणजे कॉपी परत यायला नव्वदेक वर्षं आणि त्या कॉपीबद्दल बोलायचा हक्क यायला सव्वाशेच्या वर. तंत्रज्ञान यात कधीच मोठी अडचण नव्हती, टेप होती, सीडी होती, इंटरनेट आलं होतं. अडचण होती ती कॅटलॉगमध्ये लिहायचा अधिकार कोणाकडे याची. तुमच्यापैकी बऱ्याच ठिकाणी आज जे "डिजिटल परतावा" म्हणून चालतं ते अजून १९८० च्याच पायरीवर आहे, पेन ड्राइव्ह दिला, फोटो काढला, झालं. कपाटातल्या कागदांची झेरॉक्स मालकाला द्यायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, असा प्रकार.

आता "सगळ्यांसाठी खुलं" याबद्दल. हा शब्द तुम्हाला फार आवडतो आणि मलाही आवडायचं कारण आहे, मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते बहुतेक सगळं ओपन सोर्स आहे. पण कोड लिहिणाऱ्याने स्वतःहून खुला केलेला कोड आणि दुसऱ्याच्या आजीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट यात फरक आहे की नाही? अनेक समाजांत ज्ञान मुळातच सगळ्यांनी सगळं ऐकायचं अशा पद्धतीने ठेवलेलं नसतं. काही गाणी फक्त बायकांची, काही फक्त पुरुषांची, काही विधी दीक्षा झालेल्यांनीच बघायचे. उत्तर अमेरिकेतल्या कित्येक समाजांत काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो दाखवत नाहीत. हे नियम म्हणजे त्या ज्ञानावरची धूळ नाहीये जी झटकून माल चकाचक करायचा, ते नियम त्या ज्ञानाचाच भाग आहेत, ते काढून नुसता आवाज ठेवलात तर अर्धीच गोष्ट जतन केलीत तुम्ही.

आणि हे सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. येत नाही म्हणू नका, झालेलं आहे. मध्य ऑस्ट्रेलियात अनंगू लोकांचं आरा इरिटित्जा हे अर्काइव्ह १९९४ पासून चालू आहे, त्यात नुकत्याच गेलेल्या माणसाचे फोटो शोकाच्या काळात बाजूला ठेवता येतात आणि घरच्यांनी सांगितलं की परत आणता येतात. ऑस्ट्रेलियातल्याच टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांसोबत किम ख्रिस्टेन या संशोधिकेने जे काम केलं त्यातून मुकुर्तू नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि त्यात कोणी काय बघायचं हे आयटी विभाग ठरवत नाही, समाज आपले प्रोटोकॉल टाकतो, कुटुंब, वय, स्त्री-पुरुष, जागा, जे लागेल ते. आमच्या धंद्यात याला ॲक्सेस कंट्रोल म्हणतात, प्रत्येक ऑफिसच्या सिस्टीममध्ये असतं, पगाराची शीट कोणी बघायची हे तुम्हाला बरोब्बर सेट करता येतं. मग इथेच "आमच्या सिस्टीममध्ये फक्त पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोनच ऑप्शन आहेत" हे कारण कसं चालेल.

"ज्ञान मानवजातीचं असतं" हेही मला ऐकवू नका प्लीज. एखाद्या मोठ्या माणसाची खाजगी पत्रं त्याच्या घरच्यांनी अट घातली म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं सीलबंद ठेवता, दात्याने सांगितलं अमक्या सालापर्यंत उघडायचं नाही तर उघडत नाही, तेव्हा मानवजात थांबते. जो माणूस सही करून पेटी देऊन गेला त्याची अट चालते, आणि ज्याच्या आवाजाची पेटी आहे त्याला कोणी विचारलंच नव्हतं म्हणून त्याची अटच नाही! हा नियम कुठल्या तत्त्वात बसतो ते एकदा समजावून सांगा.

मेटाडेटाचं, म्हणजे फाइलबद्दलच्या माहितीचं, थोडं बोलू देत, कंटाळवाणा विषय आहे पण माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय इथेच लपतो, कारण तो कोणाला दिसत नाही. तुमच्या रेकॉर्डमध्ये निर्माता किंवा लेखक म्हणून एक रकाना असतो, त्यात बहुतेक वेळा ज्याच्या हातात मशीन होतं त्याचं नाव असतं. गाणारी बाई "एक स्त्री" असते. समाजाचं नाव शेजाऱ्यांनी किंवा सरकारी अधिकाऱ्याने ठेवलेलं असतं, कधी कधी चक्क शिवी असते. गावाचं स्पेलिंग तीन प्रकारे. आता त्या बाईच्या पणतीने स्वतःच्या समाजाचं नाव, ते जसं म्हणतात तसं, तुमच्या सर्च बॉक्समध्ये टाकलं तर रिझल्ट शून्य. रेकॉर्डिंग तिथेच आहे, जतन झालेलं, हवाबंद, तीन ठिकाणी बॅकअप, आणि जिचं आहे तिच्यासाठी ते अस्तित्वातच नाही. लोकल कॉन्टेक्स्ट्स नावाचा उपक्रम २०१० पासून याच गोष्टीवर काम करतोय, त्यांची टीके लेबलं आहेत (पारंपरिक ज्ञानाची), पासामाक्वाडी रेकॉर्डिंगवर तीच लागलीत. कोणाचं आहे, कुठल्या मोसमात ऐकायचं, धंद्यासाठी वापरू नका, हे पवित्र आहे, असं ते लेबल फाइलसोबत जातं. हे कायद्याचं कुलूप नाही, मान्य, कोणी दुर्लक्ष करायचं ठरवलं तर करेल. पण आज तर दुर्लक्ष करायलासुद्धा काही लिहिलेलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट इथे तोकडा पडतो, त्याला एक लेखक लागतो, ठरावीक मुदत लागते, आणि पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं गाणं त्यात बसतच नाही. उलट रेकॉर्ड करणाऱ्याला हक्क मिळतात. पेटंटचं तर अजून अवघड.

हळदीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, भारताच्या सीएसआयआरने (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ पुरावा म्हणून ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यातून २००१ मध्ये ट्रॅडिशनल नॉलेज डिजिटल लायब्ररीचं काम सुरू झालं, आयुर्वेद, युनानी, सिद्ध वगैरेंच्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत आणून ठेवली म्हणजे पेटंट तपासणाऱ्याला "हे नवीन नाही" असं दिसावं. आता यातली मजेची गोष्ट बघा, ही लायब्ररी सगळ्यांसाठी उघडी नव्हती. पेटंट ऑफिसांना करार करून बघायला दिली जायची, माहिती बाहेर द्यायची नाही या अटीवर. २०२२ मध्ये सरकारने ती इतरांनाही टप्प्याटप्प्याने खुली करायचं ठरवलं, तो वेगळा वाद. मुद्दा असा की पेटंट अडवायला आणि माहिती वाचवायला बनवलेल्या डेटाबेसला सुद्धा दार लागलं.

आणि ही तरी ग्रंथात आधीच लिहिलेली माहिती. जे कुठेच लिहिलेलं नाही, जंगलातल्या एका समाजाच्या चार म्हाताऱ्यांना माहिती आहे, ते तुम्ही "संरक्षणासाठी" वेबसाइटवर टाकलंत तर त्याच झाडपाल्यावर कदाचित सरळ पेटंट मिळणार नाही, पण ते वाचून कोणीही त्यापासून पावडर बनवून विकू शकतो, त्यात थोडा बदल करून वेगळं पेटंट मागू शकतो, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना यात काहीच मिळत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या सान या मूळनिवासी लोकांचं हूडिया आठवा. दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती ते शिकारीच्या लांब प्रवासात भूक मारायला चघळायचे, १९९६ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने तिच्यातल्या घटकाचं पेटंट घेतलं, पुढे कंपन्यांना लायसन्स गेलं, आणि सान लोकांशी फायद्याच्या वाटणीचा करार व्हायला २००३ उजाडलं. सान लोकांना त्याबद्दल माहिती होती हे गुपित नव्हतं, लिहिलेलं होतं. लिहिलेलं असणं म्हणजे संरक्षण असतं तर एवढा उशीर झाला नसता.

यावरचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर पेरूमधल्या मात्सेस लोकांचं आहे. त्यांच्या वैद्यांनी २०१५ मध्ये आपल्या औषधज्ञानाचा सुमारे ५०० पानांचा कोश पूर्ण केला, झाडं, रोग, उपचार, सगळं. भाषा फक्त मात्सेस. इंग्रजी नाही, स्पॅनिश नाही, आणि बाहेर वाटलाही नाही, स्वतःच्या पोरांना शिकवायला ठेवला. कॉम्प्युटर वापरला, टाइप केलं, छापलं, पण अपलोड नाही केलं. तुमच्या मोजपट्टीवर हा प्रकल्प फेल आहे, डाउनलोड शून्य, सायटेशन शून्य. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं ज्ञान जतनाचं हे सगळ्यात हुशार काम आहे.

आता एआय. हे पत्र आत्ता लिहायचं खरं कारण तेच. पूर्वी तुम्ही एखादं रेकॉर्डिंग उघडं ठेवलंत तर चार संशोधक आणि दोन हौशी लोक ऐकायचे. आता स्क्रॅपर (वेबवरचा माल आपोआप गोळा करणारा प्रोग्रॅम) येतो आणि सगळं उचलतो, आणि एआयच्या मॉडेलमध्ये गेलेली गोष्ट परत काढून द्या म्हटलं तर काढता येत नाही, टेकडाउन रिक्वेस्टला तिथे काही अर्थ उरत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला "ते हिकू मीडिया" नावाचं माओरी रेडिओ स्टेशन आहे. त्यांनी २०१८ मध्ये आपल्या लोकांना आवाहन केलं की माओरीतली वाक्यं वाचून रेकॉर्ड करा, १० दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकांनी ३०० तासांहून जास्त आवाज दिला, आणि त्यावर त्यांनी स्वतःचं बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर बनवलं. एका परदेशी कंपनीने अशा डेटासाठी पैसे देऊ केले तर नाही म्हणाले. जुनं रेकॉर्डिंग मोठ्या व्हिडिओ साइटवर टाकायच्या ऐवजी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं, आणि डेटासाठी स्वतःचं लायसन्स लिहिलं की आम्ही याचे मालक नाही, राखणदार आहोत, आणि याचा फायदा माओरी लोकांना झाला पाहिजे. मग २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर हे बोलणं ओळखून लिहिणारं मॉडेल आलं, वेबवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं, त्यात माओरीसुद्धा, आणि "ते हिकू"च्या लोकांनी जाहीर विचारलं की हा डेटा आला कुठून आणि परवानगी कोणी दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल आम्ही एआय कंपनी नाही. नाही, पण बीळ तुम्ही खणलंय. तुमच्या साइटवर कुठल्याही अटीशिवाय पडलेली फाइल ही त्यांच्यासाठी फुकटचा माल आहे, आणि तुमच्यापैकी काही जण तर आता कंपन्यांसोबत डेटाचे करार करायला बसलेत. सही करायच्या आधी हवासुपाई लोकांची केस वाचा. ग्रँड कॅन्यनमधला हा समाज, डायबेटिसवर संशोधन होणार म्हणून त्यांनी १९९० च्या सुमारास अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले, नंतर कळलं की त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, त्यांचं मूळ कुठलं, आपसातली लग्नं, असलाही अभ्यास झाला. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि नमुने परत. रक्त तरी फ्रीजरमधून परत काढून देता आलं.

आंतरराष्ट्रीय कागद भरपूर आहेत, पटकन सांगते. २००७ चा संयुक्त राष्ट्रांचा मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा, कलम ३१, आपला वारसा आणि पारंपरिक ज्ञान जपायचा आणि त्यावर नियंत्रण ठेवायचा हक्क. मतदानात विरोधात गेलेले चारच देश, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका, नंतर चौघांनीही भूमिका बदलली. मे २०२४ मध्ये वायपोचा (संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा) करार झाला, पेटंट मागताना जनुकीय संसाधन आणि त्याच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान कुठून आलं ते सांगा, बोलणी साधारण पाव शतक चालू होती. वरातीमागून घोडं, पण आलं तरी. मूळनिवासींच्या डेटाबद्दलची २०१९ ची केअर तत्त्वं आहेत, कॅनडाच्या फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजांची ओकॅप तत्त्वं तर १९९८ पासून आहेत, आपल्या डेटाची मालकी, नियंत्रण, त्यापर्यंत पोहोच, ताबा. सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वेबसाइटवर यातल्या कशाला ना कशाला पाठिंब्याचं पान आहे, पाठिंब्याच्या पानाला सर्व्हर लागत नाही.

सर्व्हरला मात्र पैसे लागतात, आणि तिथे तुमचं मौन असतं. तीन वर्षांची ग्रँट, सुंदर वेबसाइट, उद्घाटन, आणि ग्रँट संपली की डोमेन रिन्यू करायला कोणी नाही. वेबवरचे खेळ आणि ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं तेव्हा त्यात बनवलेले भाषेचे खेळ आणि धडे एका दमात निकामी झाले. डिजिटल म्हणजे कायमचं नव्हे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, हार्ड डिस्क जाते, फॉरमॅट जातो, दर काही वर्षांनी सगळं नव्या जागी हलवावं लागतं, चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते सांगणारे आकडे) तपासावे लागतात, हे काम कोणीतरी पगारावर करतं. तर तो पगार त्या समाजातल्या माणसाला का नको? तुमच्या स्टाफला प्रशिक्षण, त्यांना पेन ड्राइव्ह, ही वाटणी मला पटत नाही. मास्टर फाइल द्या, ती चालवायची मशीन द्या, वीज आणि नेट नसेल तर ऑफलाइन चालणारी सिस्टीम द्या (नकाशावर जागा आणि गोष्टी नोंदवणारी टेरास्टोरीज, मापेओसारखी साधनं त्यासाठीच बनलीत), आणि दहा वर्षांचा देखभाल खर्च करारातच लिहा.

जिथे चाव्या लोकांच्या हातात आहेत तिथे काय होतं ते बघाच एकदा. कॅनडात फर्स्टव्हॉइसेस या साइटवर मूळनिवासी समाज स्वतः शब्द, वाक्यं, गाणी चढवतात आणि कुठलं पान जगाला दाखवायचं, कुठलं फक्त आपल्या लोकांना, ते स्वतः ठरवतात. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचं सिकू ॲप २०१९ पासून आहे, शिकारी बर्फ कुठे पातळ झालाय, प्राणी कुठे दिसले ते टाकतात, पूर्वजांकडून आलेली बर्फाची जाण आणि सॅटेलाइटचे फोटो एकाच स्क्रीनवर, आणि डेटा टाकणाऱ्याचाच राहतो. इक्वाडोरमधल्या वाओरानी लोकांनी मापेओ वापरून आपल्या जंगलाचा नकाशा बनवला आणि २०१९ मध्ये तेलासाठी त्या जंगलाचा लिलाव करण्याविरुद्ध कोर्टात जिंकले. उत्तर युरोपातल्या सामी भाषांसाठी कीबोर्ड आणि स्पेलचेकर बनले, संताळीची ओल चिकी लिपी २००८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात आली. यातलं जवळजवळ काहीच काचेच्या पेटीत ठेवण्यासारखं नाही, रोजच्या वापराचं आहे.

तुमची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. समाज म्हणजे एक माणूस नसतो. विचारायचं कोणाला? निवडून आलेली परिषद एक सांगते, जुनी जाणती मंडळी दुसरं, शहरात गेलेली पोरं तिसरं, दोन घराणी एकाच गाण्यावर हक्क सांगतात, कधी रेकॉर्डिंग सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचं असतं, कधी कोणाचं आहे हेच कळत नाही. याला शॉर्टकट नाही. पण मुकुर्तूमध्ये एकाच वस्तूला दोन-तीन वेगवेगळ्या समाजांची आपापली नोंद जोडता येते, भांडण तसंच ठेवून, तुम्ही न्यायाधीश व्हायची गरज नाही. आणि जोवर ठरत नाही तोवर पवित्र, विधीचं, औषधाचं, जागेचे नेमके कोऑर्डिनेट असलेलं काही बाहेर टाकू नका, बंद ठेवा. बंद ठेवलेली फाइल उद्या उघडता येते.

अजून एक, जे तुम्ही ऐकायला नको म्हणाल. रेकॉर्ड झालं म्हणजे मूळ वाचलं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जुकान गॉर्ज इथल्या गुहेत २०१४ मध्ये खोदकाम झालं, हजारो वस्तू काढून नीट ठेवल्या, माणसाच्या वावराचा ४६,००० वर्षांचा पुरावा नोंदला गेला, आणि मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी ती उडवली. परवानगी कायदेशीर होती. त्या जागेचे पारंपरिक मालक असलेल्या पुतू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांकडे आता रिपोर्ट आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी थ्रीडी स्कॅनचा खर्च द्यायला पुढे आलं तर स्कॅननंतर त्या जागेचं काय होणार आहे हे आधी विचारा, आणि ते करारात लिहून घ्या.

सगळं एकदम होणार नाही हे मलाही कळतं. या वर्षी निदान यादी बाहेर काढा. तुमच्याकडे कोणत्या समाजाचं काय आहे याची, आतला मजकूर नाही, फक्त यादी. समाज स्वतःला ज्या नावाने ओळखतात त्या नावाने शोधता येईल अशी, कमी नेटवर्कवर मोबाइलवर उघडेल अशी. प्रत्येक नोंदीपुढे एका खऱ्या माणसाचा संपर्क, जो फोन उचलेल. आणि अपलोडच्या फॉर्ममध्ये एक सक्तीचा रकाना, कोणी परवानगी दिली, कधी, कशासाठी, एआय ट्रेनिंगला हो की नाही, तो रिकामा असेल तर बटण चालूच होऊ नये. हे सेट करायला आमच्यासारख्यांना फार वेळ लागत नाही, सांगा फक्त. आधीच साइटवर असलेल्या बहुतेक फाइलींना तो रकाना रिकामाच निघेल, त्या तेवढ्या काळापुरत्या उतरवाव्या लागतील आणि तुमचे व्हिजिटर कमी होतील, वार्षिक अहवालात तसं लिहा.

आपली,
डेटाबेसच्या कामातली एक